मोजणीबाहेरची भीती

ब्रिटनच्या गृह खात्याने मार्च २०२४ अखेरच्या वर्षातील द्वेषमूलक गुन्ह्यांची आकडेवारी जाहीर केली, तेव्हा इंग्लंड व वेल्समध्ये धर्माच्या कारणावरून घडलेल्या गुन्ह्यांची संख्या १०,४८४ भरली. आधीच्या वर्षाच्या तुलनेत ही वाढ २५ टक्क्यांची होती आणि अशा नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासूनचा तो उच्चांक होता. त्यांपैकी ३,८६६ गुन्हे मुसलमानांविरुद्धचे, तर ३,२८२ ज्यूंविरुद्धचे होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले तर फारसा फरक जाणवत नाही. परंतु २०२१ च्या जनगणनेनुसार तेथे मुसलमान सुमारे ३९ लाख आहेत आणि ज्यू अवघे २ लाख ७१ हजार. दर दहा हजार मुसलमानांमागे दहा गुन्हे आणि दर दहा हजार ज्यूंमागे १२१, असा त्याचा अर्थ होतो. त्यानंतरच्या काळात या चित्रात दिलासा देणारे फार काही घडले नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस साउथपोर्ट येथे लहान मुलींची हत्या झाली, हल्लेखोराविषयी खोटी अफवा पसरली आणि दुसऱ्याच दिवशी जमाव तेथील मशिदीवर चालून गेला. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, योम किप्पूरच्या पवित्र दिवशी, मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर झालेल्या हल्ल्यात दोघांना प्राण गमवावे लागले.

अशा प्रत्येक घटनेनंतर सार्वजनिक चर्चा एका ठरलेल्या वाटेने जाते. वाद होतो तो व्याख्येचा. ज्यूद्वेषाची आंतरराष्ट्रीय व्याख्या ब्रिटिश सरकारने २०१६ मध्ये स्वीकारली. मुसलमानांविषयीच्या द्वेषाला कोणता शब्द वापरावा आणि त्यात धर्मावरील टीकेला जागा कशी ठेवावी, हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये माजी ॲटर्नी जनरल डॉमिनिक ग्रीव्ह यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी एक कार्यगट नेमला गेला. हिंदू व शीख संघटनांनीही आपापल्या समाजाविरुद्धच्या द्वेषाची स्वतंत्र दखल घ्यावी, अशी मागणी लावून धरली आहे. व्याख्या अनावश्यक आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण तिच्यावर होणाऱ्या चर्चेत एक गृहीतक दडलेले असते. भेदभाव म्हणजे घटना, घटना म्हणजे नोंद, नोंद म्हणजे संख्या, आणि संख्या घटली की प्रश्न सुटला, असे ते गृहीतक आहे. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात गेल्या दोन-अडीच दशकांत जमा झालेला पुरावा नेमका या गृहीतकाला धक्का देतो.

घटना ही जखमेची सुरुवात असते, हे खरे. इंग्लंड व वेल्सच्या गुन्हेविषयक सर्वेक्षणात वारंवार असे आढळले आहे की, द्वेषमूलक गुन्ह्याला बळी पडलेल्या व्यक्तीवर होणारा भावनिक आघात त्याच प्रकारच्या इतर गुन्ह्यांपेक्षा कितीतरी खोल असतो. चिंता, धास्तीचे झटके, झोप उडणे यांचे प्रमाण त्यांच्यात लक्षणीयरीत्या अधिक असते. कारण उघड आहे. पाकीट मारले गेले तर माणूस पाकिटाबद्दल हळहळतो आणि पुढच्या वेळी खिसा सांभाळतो. धर्मावरून थुंकणारा माणूस मात्र पाकीट नव्हे, तर बदलता न येणारी किंवा बदलण्याची इच्छा नसलेली अशी एक गोष्ट लक्ष्य करतो. आणि ती गोष्ट दुसऱ्या दिवशीही सोबत घेऊनच घराबाहेर पडावे लागते.

मात्र अधिक महत्त्वाचे निष्कर्ष त्यापुढचे आहेत. ब्रिटनमधील हजारो कुटुंबांचा वर्षानुवर्षे माग ठेवणाऱ्या एका राष्ट्रीय पाहणीच्या आधारे स्टेफनी वॉलेस, जेम्स नाझरू आणि लाइया बेकारेस या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वांशिक अल्पसंख्याकांना कालांतराने सोसाव्या लागलेल्या भेदभावाचा त्यांच्या मानसिक स्वास्थ्यावर काय परिणाम होतो, हे त्यात तपासले होते. जितक्या अधिक वेळा अनुभव, तितके स्वास्थ्य अधिक खालावलेले, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते हे की, सर्वांत मोठा साचत जाणारा परिणाम प्रत्यक्ष शिवीगाळीचा वा मारहाणीचा दिसला नाही. तो असुरक्षित वाटण्याचा आणि त्यापायी काही जागा टाळण्याचा होता. अभ्यास वंशाविषयीचा होता, धर्माविषयीचा नव्हे. पण ब्रिटनमधील दक्षिण आशियाई माणसाच्या बाबतीत या दोन गोष्टी रस्त्यावरच्या हल्लेखोराच्या डोक्यात फारशा वेगळ्या नसतात.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हिजाब घालणारी स्त्री संध्याकाळी कोणत्या थांब्यावर उतरायचे याचा विचार करते. ज्यू मुलगा मेट्रोत शिरण्यापूर्वी किप्प्यावर साधी टोपी चढवतो. शीख बाप मुलाला शाळेत पगडीविषयी कोणी काही बोलले तर काय उत्तर द्यायचे, हे आधीच शिकवून ठेवतो. यांतली एकही गोष्ट पोलिसांच्या नोंदवहीत येणार नाही, कारण काहीही ‘घडलेले’ नाही. तरीही हा हिशेब रोजचा आहे, दिवसातून अनेकदा करायचा आहे, आणि तो चुकला तर काय होईल याची एक बातमी प्रत्येकाच्या फोनवर नुकतीच येऊन गेलेली असते. ब्रिटनमधील ज्यू शाळांच्या फाटकावर सुरक्षारक्षक असतात आणि त्यांच्यासाठी सरकार वेगळे अनुदान देते. त्या शाळेतले मूल चौथ्या-पाचव्या वर्षापासून रोज त्या रक्षकाला नमस्कार करून आत जाते. तो कशासाठी उभा आहे, हा प्रश्न ते कधीतरी विचारणारच. पालकाला जे उत्तर द्यावे लागते ते कोणत्याही आकडेवारीत मावत नाही.

शरीराला घडलेले संकट आणि अपेक्षित संकट यांतला फरक पुरेसा कळत नाही. धोक्याची चाहूल लागताच रक्तदाब व हृदयाची गती वाढवणारी आणि कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके सोडणारी यंत्रणा थोड्या वेळासाठी जीवरक्षक असते. ती सतत चालू राहिली की शरीराची झीज करते. झोप आणि एकाग्रता बिघडते, चिडचिड वाढते, पुढे चिंता व नैराश्य यांना वाट मिळते. लैंगिक अल्पसंख्याकांच्या संदर्भात इलन मायर यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडलेली ‘अल्पसंख्याकत्वाचा ताण’ ही कल्पना इथे उपयोगी पडते. प्रत्यक्ष अपमान, अपमानाची अपेक्षा, ओळख लपवण्याचे श्रम आणि समाजाने लावलेला कलंक स्वतःच खरा मानू लागणे, असे या ताणाचे थर असतात. यांतला पहिला थरच तेवढा कायद्याच्या कक्षेत येतो.

अमेरिकेतील दोन अभ्यासांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे, कारण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत आणि त्यातच त्यांचे मोल आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर अरब व मुसलमान भासणाऱ्या माणसांवर हल्ल्यांची लाट आली. डायान लॉडरडेल यांनी कॅलिफोर्नियातील जन्मनोंदी तपासल्या. हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत प्रसूत झालेल्या अरबी नावाच्या स्त्रियांची तुलना त्यांनी आदल्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांशी केली. कमी वजनाचे मूल जन्मण्याचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने वाढलेला आढळला; इतर कोणत्याही गटात तशी वाढ नव्हती. या स्त्रियांपैकी बहुतेकींवर कोणी हात उचलला नसणार. त्यांना फक्त आपले नाव आणि बाहेरचे वातावरण ठाऊक होते. काही वर्षांनी असाच अभ्यास मिशिगन राज्यात झाला आणि तेथे असा परिणाम दिसला नाही. मिशिगनमध्ये डिअरबॉर्न आहे, अमेरिकेतील अरब वस्तीचे सर्वांत ठळक केंद्र. दुकानदार, डॉक्टर, शिक्षक, शेजारी आपलेच असतील तर बाहेरच्या वातावरणाची धग कमी लागत असावी, असा एक संभाव्य अर्थ यातून निघतो. तो सिद्ध झालेला नाही. पण ब्रिटनमधील संशोधन त्याच दिशेला बोट दाखवते. आपल्या समाजाची दाट वस्ती असलेल्या भागात राहणाऱ्या अल्पसंख्याकांना भेदभावाचे अनुभव कमी येतात आणि मानसिक स्वास्थ्यही काहीसे बरे राहते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

त्याच काळात शिखांना जे भोगावे लागले, त्याला अमेरिकी माध्यमांनी सर्रास ‘चुकीच्या ओळखीतून झालेले हल्ले’ म्हटले. हल्ल्यांनंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातील मेसा येथे पेट्रोलपंपाचे मालक बलबीर सिंग सोढी यांची हत्या झाली, तेव्हाही हेच शब्द वापरले गेले. जणू योग्य धर्माचा माणूस समोर आला असता, तर हल्ल्यात काही गैर नव्हते! २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला, तोवर पगडी घालणाऱ्या मुलांची एक पिढी शाळेत ‘मी तो नव्हे’ असे समजावत वाढली होती. स्वतःच्या बचावासाठी दुसऱ्याकडे बोट दाखवावे लागणे हाही एक मानसिक भार आहे आणि तो अनेक समाजांनी एकमेकांवर लादला आहे.

आसरा आणि भिंत

भेदभाव माणसाला आपल्या माणसांत ढकलतो. सामाजिक मानसशास्त्रात याला भक्कम आधार आहे: नाकारले गेलेले लोक आपल्या गटाशी अधिक घट्ट जोडले जातात आणि ते जोडले जाणे नाकारण्याचा घाव काही अंशी भरून काढते. मंदिर, मशीद, गुरुद्वारा, सिनेगॉग, विहार ही ठिकाणे स्थलांतरिताच्या आयुष्यात जे करतात ते कोणत्याही समुपदेशन केंद्राला जमणार नाही. ज्या शहरात आपले नाव कोणाला उच्चारता येत नाही, तिथे आठवड्यातून एकदा ते बरोबर उच्चारले जाणे हेच केवढे औषध!

पण हाच आसरा भिंतही होतो. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलींनंतर कित्येक मुसलमान कुटुंबांनी मिश्र वस्त्या सोडल्या आणि ठाण्याजवळचे मुंब्रा झपाट्याने फुगत गेले. तेथे रात्री निर्धास्त झोप लागत होती, यात शंका नाही. परंतु त्या झोपेची किंमत म्हणून चांगल्या शाळा, नोकरीच्या ओळखी आणि मुख्यतः इतर धर्माच्या शेजाऱ्यांशी होणारा रोजचा, बिनमहत्त्वाचा संवाद गमवावा लागला. असा संवाद पूर्वग्रह कमी करतो, हे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते. तो तुटला की दोन्ही बाजूंची भीती अनुभवावर नव्हे, तर ऐकीव गोष्टींवर पोसली जाते. लेस्टरमध्ये २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात हेच दिसले. भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतरच्या तणावाला समाजमाध्यमांवरील अफवांनी खतपाणी घातले आणि दशकानुदशके शेजारी राहिलेल्या हिंदू व मुसलमान घरांनी त्या आठवड्यांत आपापली दारे लावून घेतली. दाराच्या दोन्ही बाजूंना तीच भीती होती. तिच्या मालकीवरून मात्र पुढे वर्षभर वाद चालला.

या वादात परदेशातील मराठी मध्यमवर्गही उतरला आणि तेथे एक घसरण झाली. ब्रिटनमधील हिंदू मुलांना शाळेत मूर्तिपूजेवरून, गायीवरून, जातीवरून चिडवले जाते, ही तक्रार खरी आहे. हेन्री जॅक्सन सोसायटी या विचारगटाने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत निम्म्याहून थोड्या अधिक हिंदू पालकांनी आपल्या मुलांना असा अनुभव आल्याचे सांगितले. या पाहणीच्या पद्धतीविषयी आणि त्या विचारगटाच्या राजकीय कलाविषयी प्रश्न विचारता येतील; परंतु वर्गात टवाळी सोसून घरी गप्प बसणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीच्या मनाला त्या प्रश्नांशी काही देणेघेणे नाही. घसरण झाली ती पुढच्या पायरीवर. आपल्या मुलांचे दुःख खरे ठरवण्यासाठी इतरांचे दुःख खोटे ठरवण्याची गरज अनेकांना वाटू लागली. गुन्ह्यांच्या आकड्यांची तुलना कोण अधिक पीडित हे ठरवण्यासाठी होऊ लागली. वर दिलेल्या ज्यू आणि मुसलमानांच्या आकड्यांचाही असा उपयोग दोन्ही बाजूंनी रोज होतो. मनाच्या आजाराला असा क्रमांक देता येत नाही. दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाचा ताप आपल्यापेक्षा जास्त आहे म्हणून आपला उतरत नाही.

नाकारणारा नेहमी परधर्मीच असतो, हाही एक समज आहे. त्याला छेद देणारे उदाहरण मराठी इतिहासातच आहे. कोकणातल्या गावांत शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. भारतात आपल्याला ज्यू म्हणून कधी छळ सोसावा लागला नाही, हे ते अभिमानाने सांगत आले आहेत. आणि ज्यूंच्याच राष्ट्रात, १९६० च्या दशकाच्या आरंभी, त्यांचे ज्यूपण संशयाच्या भोवऱ्यात सापडले. इतर ज्यूंशी विवाह करू इच्छिणाऱ्या बेने इस्रायल व्यक्तीच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी, असे निर्देश तेथील मुख्य धर्मपीठाने दिले. निदर्शने झाली, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटला ठराव करून सांगावे लागले की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत. निर्देश मागे घेतले गेले. पण लग्न ठरलेल्या एखाद्या तरुणीला आपल्या आजीच्या आजीचा धर्म सिद्ध करण्याचे आव्हान मिळणे आणि तेही ज्या भूमीसाठी आईवडिलांनी अलिबाग-पेण सोडले त्या भूमीत, हा आघात ठरावाने भरून निघणारा नव्हता. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक या समाजाने चालवले. मागे सुटलेल्या भाषेला असे धरून ठेवण्यात, नव्या देशाने दारात विचारलेल्या त्या प्रश्नाचाही वाटा असावा.

नाव, नोकरी आणि दवाखाना

उच्चशिक्षित स्थलांतरिताला एक भाबडा विश्वास असतो: पदवी आणि कौशल्य यांच्या कवचाआड धर्म दिसेनासा होतो. भरतीविषयीचे प्रयोग या विश्वासाला फारसा आधार देत नाहीत. २०१७ मध्ये बीबीसीने लंडनमधील शंभर जागांसाठी एकाच पात्रतेचे दोन अर्ज पाठवले. ‘ॲडम’ला मुलाखतीची बारा बोलावणी आली, ‘मोहम्मद’ला चार. वंश की धर्म, हा प्रश्न इथे उरतोच. तो सोडवण्याची युक्ती फ्रान्समध्ये आदिदा, लेटिन आणि वाल्फोर या संशोधकांनी केली. दोन्ही काल्पनिक उमेदवार सेनेगाली वंशाच्या स्त्रिया, आडनाव एकच. एक मारी, जिने कॅथलिक सेवासंस्थेत काम केले आहे. दुसरी खदिजा, जिने मुस्लिम सेवासंस्थेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता मारीला अडीच पट होती. कातडीचा रंग एक, देश एक. फरक पडला तो फक्त धर्माचा.

भारतही याला अपवाद नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खासगी कंपन्यांना सारख्या पात्रतेचे अर्ज उच्चवर्णीय हिंदू, दलित व मुसलमान नावांनी गेले. पुढच्या फेरीत जाण्याची मुसलमान नावाची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत एक-तृतीयांशाच्या आसपास निघाली. दलित नावाची दोन-तृतीयांश.

या प्रकाराची मानसिक बाजू विलक्षण आहे. अर्जाला उत्तर न आलेल्या माणसाला कारण कधीच कळत नाही. आपण कमी पडलो की आपले नाव आड आले, हे तो कधीही ठरवू शकत नाही. उघड अपमान झाला तर राग बाहेर काढता येतो. संदिग्ध नकार माणूस स्वतःवर घेतो. कचेरीतही तेच. संध्याकाळच्या मद्यपानाला न जाणारा सहकारी बढतीच्या यादीतून गळला, तर ते त्याच्या धर्मामुळे, स्वभावामुळे की कामामुळे? तो रात्री हा प्रश्न उलटसुलट करत जागतो आणि सकाळी बैठकीत हसतमुखाने बसतो. अशा माणसाच्या निद्रानाशावर गोळी देणारा डॉक्टर त्याला हा प्रश्न विचारेलच असे नाही.

विचारला तरी उत्तर मिळेल याची खात्री नाही. ब्रिटनमध्ये २०१५ च्या दहशतवादविरोधी कायद्याने आरोग्यसेवेवर ‘प्रिव्हेंट’ योजनेखाली कट्टरतेकडे झुकणाऱ्या व्यक्तींवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य घातले. हेतू काहीही असो, राग, एकटेपणा आणि धर्माविषयीची तळमळ या समुपदेशकासमोर सर्वांत आधी बोलायच्या गोष्टी मुसलमान तरुण त्याच्यासमोर बोलताना कचरतो. बाहेरचा हा अडसर कमी म्हणून की काय, घरातही अडथळे असतात. जिन्न, नजर, मागील जन्माचे भोग, ‘श्रद्धा कमी पडली’, ‘लोक काय म्हणतील’ हे सारे उपचारांच्या वाटेत उभे असते. समाजाची बाहेर आधीच बदनामी चालू असताना ‘आपल्यातही मनोरुग्ण आहेत’ हे मान्य करणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे, असे पुढाऱ्यांना वाटते. रानिया अवाद आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील सुमारे ८ टक्के मुसलमानांनी आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे सांगितले. इतर धर्मीयांच्या तुलनेत हे प्रमाण अधिक होते. इस्लाममध्ये आत्महत्या निषिद्ध असल्याने हा समाज त्यापासून सुरक्षित आहे, अशी समजूत त्याच समाजात रूढ होती. भेदभाव आणि मदत घेण्यातला संकोच ही संभाव्य कारणे म्हणून संशोधकांनी पुढे ठेवली. थेट कार्यकारणभाव या एका पाहणीने सिद्ध होत नाही.

ब्रिटनच्या सरकारी समुपदेशन सेवेत मुसलमान रुग्णांचे बरे होण्याचे प्रमाण ख्रिस्ती रुग्णांपेक्षा कमी असल्याचे तिच्याच आकडेवारीत दिसत आले आहे. लीड्स विद्यापीठात गझाला मीर यांनी यावर एक व्यवहार्य काम केले. नैराश्यावरच्या एका प्रस्थापित उपचारपद्धतीला त्यांनी मुसलमान रुग्णांसाठी वेगळे रूप दिले. रुग्णाची इच्छा असेल तरच श्रद्धेचा विषय काढायचा आणि ती श्रद्धा त्याला बळ देते की अपराधी वाटायला लावते, हे ऐकून पुढे जायचे. यात धर्मप्रसार नाही. रुग्णाचे आयुष्य जसे आहे तसे खोलीत येऊ देणे आहे. अनेक समुपदेशक धर्माचा विषय सभ्यपणाने टाळतात. त्या टाळण्याचा अर्थ रुग्ण मात्र ‘हे इथे बोलायचे नसते’ असा घेतो.

परदेशस्थ मराठी माणसापुरता या साऱ्याचा एक विशेष पैलू आहे. लंडनमध्ये वा न्यू जर्सीत तो धार्मिक अल्पसंख्याक असतो. पुण्यात उतरताच, तो हिंदू असेल तर, बहुसंख्याक होतो. मराठी मुसलमान, ख्रिस्ती वा बौद्ध माणसाला हा पालट कधीच मिळत नाही. विमानतळावरून घरी जाताना दोन मराठी सहप्रवाशांच्या मनातला ताण एकाचा उतरतो आणि दुसऱ्याचा फक्त बदलतो. प्यू संशोधन केंद्राच्या २०१९-२० मधील भारतव्यापी पाहणीत गेल्या वर्षभरात धर्मावरून भेदभाव सोसावा लागल्याचे सुमारे २१ टक्के मुसलमानांनी सांगितले; उत्तर भारतात हे प्रमाण ४० टक्के होते. आशिष गुप्ता आणि डायान कॉफी यांनी २०२० मध्ये दाखवून दिले की भारतातील मुसलमान व अनुसूचित जातींचे लोक उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आपले मानसिक स्वास्थ्य अधिक खराब असल्याचे सांगतात आणि मुसलमानांच्या बाबतीत ही दरी केवळ संपत्ती व शिक्षण यांतील फरकाने उलगडत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भारतात धर्म वा जातीवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. तरतूद चांगली आहे, पण ती दवाखान्याच्या दारापासून सुरू होते. त्याआधीचे आयुष्य बव्हंशी घराच्या आणि नोकरीच्या दारात जाते. मुंबईत मांसाहारी म्हणून मराठी कुटुंबाला सदनिका नाकारली गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळतो, आणि तो रास्तच असतो. त्याच शहरात मुसलमान भाडेकरूला दलालाने फोनवर नाव ऐकताच ‘घर गेले’ म्हणून सांगणे ही बातमीही होत नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार धर्मावरून घर वा नोकरी नाकारणाऱ्या खासगी मालकालाही न्यायालयात खेचता येते. लंडनमधील हिंदू भाडेकरूला हे संरक्षण आहे. भारतीय राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद शासनाला आणि दुकाने, उपाहारगृहे यांसारख्या सार्वजनिक जागांना बांधतो. खासगी सोसायटीचे दार त्याच्या पलीकडे राहते. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच धर्माच्या लोकांपुरते ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला. तो निकाल अल्पसंख्य समाजाच्या एका संस्थेच्या बाजूने लागला होता. त्यातले तत्त्व मात्र कोणत्याही सोसायटीला वापरता येण्याजोगे आहे.